भिंतीपासून बोटभर

शिट्टीने रंगाऱ्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होता आणि तिच्या फळ्यांवर ठिबकत होता.

म्हणजे तो स्वतः नाही, त्याच्या हातातला ब्रश. पण राग आला की शिट्टी असले बारीकसारीक फरक करत बसत नसे.

"अहो!" ती दारातूनच ओरडली. "खाली काय आहे ते बघा जरा!"

त्याने खाली पाहिलं. खाली लॅमिनेटच्या फळ्यांचे खोके रचून ठेवलेले होते आणि सगळ्यात वरच्या खोक्यावर पांढऱ्या थेंबांची रांगोळी होत आली होती. दारात एक मुलगी होती. कमरेला मोजपट्टी, हातात रबरी हातोडा. आणि कुठून तरी बारीक, चढत जाणारा आवाज येत होता.

"गॅसवर काही ठेवलंय का?" त्याने विचारलं.

गॅसवर काही नव्हतं. तो आवाज शिट्टीच्या नाकातून येत होता. राग चढायला लागला की तिचं नाक असं वाजायचं, आणि पुढच्या दोन श्वासांत समोरच्याने काय ते समजून बाजूला व्हायचं, अशी घरात पद्धत होती. आई सांगायची, की इतर मुलं जन्मल्यावर रडतात. ही आधी वाजली आणि मग रडली. कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त बँकेतल्या माणसाला माहीत होतं, आणि तोही तिला घाबरून "मॅडम" म्हणायचा.

"उतरा खाली," शिट्टी म्हणाली.

"एवढी कड संपवतो."

"आत्ता उतरा!"

तो उतरला. उंच, कानाला रंग लागलेला, आणि चेहऱ्यावर असा शांतपणा, की बघूनच कुणाचंही डोकं फिरावं. त्याने खिशातून फडकं काढलं, खोका नीट पुसला, फडकं घडी करून पुन्हा खिशात ठेवलं आणि म्हणाला, "झालं."

यावर भांडण करता येण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. शिट्टीला त्याचाही राग आला.

त्या गावात हवा श्वासातून आत घ्यायची नसे, प्यायची असे. मीठ डबीतून पडत नसे, चमच्याने खणून काढावं लागे. पत्ते पिसता येत नसत. कपाटातल्या बुटांना हिरवट मिशा फुटत. घरातला प्रत्येक दरवाजा खांदा लावून उघडायचा असतो, असंच तिथल्या लहान मुलांना वाटे. अशा गावात शिट्टीचे बाबा आयुष्यभर लोकांच्या घरात लॅमिनेटची जमीन घालत आले होते. लाकडासारखी दिसणारी, लाकडाइतकी महाग नसलेली, आणि लाकडापेक्षा कितीतरी जास्त रुसणारी. ओल लागली की ही जमीन फुगते. फुगायला जागा मिळाली नाही की उठते.

आता बाबांचे गुडघे थकले होते आणि दुकानाचं काय करायचं हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येऊन बसला होता. ताईचे यजमान, म्हणजे दाजी, टाइल्स विकायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, या हवेत लॅमिनेट म्हणजे चहात बुडवलेला पाव. दुकान माझ्याकडे द्या, टाइल ठेवू. टाइल कधी रुसत नाही."

शिट्टीचं नाक तेव्हाही वाजलं होतं.

शेवटी बाबांनी तोडगा काढला. मोठ्या बाईंचं काम नुकतंच आलं होतं, ते त्यांनी शिट्टीच्या हातात दिलं. "एकटीने करायचं. मी बघायलाही येणार नाही. जमीन बसली तर दुकान तुझं. उठली तर दाजींचं."

मोठ्या बाई म्हणजे गावातल्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी रस्त्यातून त्या आल्या की साठीचे लोक सायकलवरून उतरत. आता त्यांनी आपल्या तळमजल्यावरची मोठी खोली रिकामी केली होती. तिथे त्या म्हाताऱ्या माणसांना नाच शिकवणार होत्या. "गावातले सगळे म्हातारे बसून बसून खुर्चीच्या आकाराचे झालेत," असं त्यांचं निरीक्षण होतं. भिंती रंगाऱ्याला दिल्या, जमीन शिट्टीला, आणि दोघांना एकाच वेळी बोलावलं. कारण वेळ वाया घालवणं त्यांना मुळातच मान्य नव्हतं.

आणि तिथेच सगळी गोची होती.

"खिडकी बंद करा," शिट्टी म्हणाली.

"रंग वाळायला वारा लागतो."

"आणि फळ्यांना वारा बाधतो."

"फळ्या आहेत का बाळंतीण?"

"बाळंतिणीपेक्षा नाजूक आहेत! त्यांना आधी खोलीची सवय व्हावी लागते. खोक्यात आडव्या पडून राहतात, इथली हवा अंगी लागते, मग त्यांना हात लावायचा. आल्या आल्या कामाला जुंपलं तर नंतर वाकड्या वागतात."

"म्हणजे नव्या सुनेसारखं."

"तुम्हाला काय माहीत सुनांचं?"

"नाही ना अजून," रंगारी म्हणाला आणि पुन्हा शिडीवर चढला.

शिट्टीने खिडकी बंद केली. ती पाणी प्यायला गेली तेवढ्यात त्याने उघडली. तिने बंद केली. त्याने, तिच्या देखत, अगदी अदबीने, पुन्हा उघडली. मग तिने पिशवीतून ओल मोजायचं यंत्र काढलं. घड्याळासारखी गोल तबकडी, हिरव्यापासून लालपर्यंत फिरणारा काटा. ते भिंतीवर त्याच्या नाकासमोर टांगलं.

"हा काटा लालमध्ये गेला, की तुम्ही बाहेर."

"आणि हिरव्यात असला, की खिडकी उघडी."

"थोडी."

"अर्धी."

"थोडी!"

काटा लालमध्ये गेला.

"बघा!" शिट्टी ओरडली. "तुमच्या त्या ओल्या रंगाने!"

"तुम्ही खाली उतरवलंत तेव्हापासून मी रंगाला हात लावलेला नाही. नुसता घासतोय. तुमच्या फळ्यांनाच घाम आला असेल."

"माझ्या फळ्यांबद्दल बोलायचं नाही!"

काटा आणखी पुढे सरकला.

कोपऱ्यात खुर्ची टाकून मोठ्या बाई बसल्या होत्या. मांडीवर वर्तमानपत्र होतं, पण त्या वाचत नव्हत्या. पर्यवेक्षण करताना त्या नेहमीच वर्तमानपत्र धरत.

"तुम्ही दोघं भांडायला लागलात, की काटा चढतो," त्या म्हणाल्या. "गप्प बसलात, की उतरतो. मी सकाळपासून बघतेय. तोंडची वाफ आहे ती. दोन धडधाकट माणसं बंद खोलीत एवढी ओरडल्यावर दुसरं काय होणार?"

दोघं गप्प झाले. काटा खरंच जरासा खाली आला.

"बाहेर उभे राहा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, पण मी—"

"दोघंही. यापुढे आत एक शब्द नको. भांडण झालं की या आत."

अशा रीतीने शिट्टी आणि रंगारी, दोघंही चांगली मिळवती माणसं, मागच्या अंगणात कठड्याशी जाऊन उभी राहिली.

अंगणात एक नळ होता, तो गळत होता. एक दोरी होती, तिच्यावर बाईंचे कपडे होते आणि ते केव्हापासून वाळत होते ते कपड्यांनाही सांगता आलं नसतं. पत्र्यावर पाऊस बारीक बोटं वाजवत होता. दोघं आधी बराच वेळ एकमेकांकडे न बघता उभे राहिले. मग शिट्टी म्हणाली, "पांढरा रंग तर देताय. त्याला एवढं काय?"

"कुठला पांढरा?"

"पांढरा म्हणजे पांढरा!"

"तसं नसतं ते," तो म्हणाला. "दुधाचा पांढरा वेगळा, शंखाचा वेगळा, हाडाचा वेगळा. बाईंना शंखाचा हवाय. तुम्हाला राग एकच येतो का?"

"म्हणजे?"

"मी बघितलंय ना. सकाळी खोका भिजला तेव्हाचा राग वेगळा होता. झगझगीत. खिडकीवरून आलात तो जरा पिवळट होता, आतून मजा वाटत होती तुम्हाला. आणि आत्ताचा..." त्याने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे बघतात तसं, उजेडाचा अंदाज घेत. "आत्ताचा बराचसा पुसलाय."

शिट्टीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिच्या रागाला घाबरणारे लोक तिने पाहिले होते. हसणारे पाहिले होते. टाळणारे तर घरातच होते. पण त्यात छटा शोधणारा माणूस... तिचं नाक वाजलं. अर्धवट वाजलं आणि मधेच थांबलं. असं कधी झालं नव्हतं. तिने घाईघाईने नाकाला हात लावून पाहिला.

"तू गप्प बस!" ती म्हणाली.

"एकेरीवर आलात."

"भांडणात येतात माणसं एकेरीवर!"

"मग आता परत जाऊ नका," तो म्हणाला.

शिट्टीने गळक्या नळाकडे पाहिलं, दोरीवरच्या कपड्यांकडे पाहिलं. शेवटी पाहायला काही उरलं नाही. "मग तू तरी कशाला मागे थांबलायस?" ती रागाने म्हणाली आणि आत निघून गेली.

त्यानंतर आत शब्द नाही, बाहेर तोंड बंद नाही, असं सुरू झालं. फळ्या खोलीला सरावल्या. काटा हिरव्यात बसून राहिला. शिट्टीने सिमेंटवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला, त्यावर पातळ फोम, आणि मग फळीच्या खाचेत फळी अडकवत, हातोड्याने अलगद ठोकत ती भिंतीपासून पुढे सरकायला लागली. टक. टक. शिडीवरून रंगारी शंखाचा पांढरा ओढत होता. बोलायची बंदी, त्यामुळे सगळं हातवाऱ्यांवर. तो ब्रशने विचारायचा, चहा? ती हातोड्याने सांगायची, थांब. ती भुवई उंचावायची, म्हणजे एक थेंब जरी खाली पडला ना. तो छातीवर हात ठेवायचा, म्हणजे आधी माझा जीव जाईल. एकदा तिने मागे वळून पाहिलं, तर तो भिंतीऐवजी तिच्याकडे बघत होता आणि ब्रश हवेत रंगवत होता. तिने हातोडा दाखवला. त्याने भिंतीचा बराच मोठा भाग एका दमात रंगवला.

मोठ्या बाई वर्तमानपत्राचं पान उलटत म्हणायच्या, "छान. वर्गात अशी शांतता हवी."

आणि मग ते भांडणासाठी बाहेर जायचे. आधी भांडण असलं की जायचे. नंतर नंतर जायचं असलं की भांडण काढायचे. शिडी कोणत्या भिंतीला टेकवायची, बाईंच्या चहात साखर जास्त असते की कमी, माणसाने चालताना शिट्टी वाजवावी की नाही... शेवटच्या मुद्द्यावर ती खरोखरच भडकली, कारण तिला वाटलं तो तिला चिडवतोय. तो चिडवतच होता.

एक गोष्ट मात्र राहून गेली. जमिनीच्या चारही कडांना, फळ्या आणि भिंत यांच्यामध्ये शिट्टीने बोटभर फट सोडली होती. जमीन फुगली की तिला सरकायला जागा लागते, ती ही. वरून भिंतीच्या पायथ्याची पट्टी, स्कर्टिंग, लागली की ती झाकली जाते. हे तिला माहीत होतं. पण रंगाऱ्याचं आयुष्य फटी भरण्यात गेलं होतं. फट दिसली की त्याच्या हाताला खाज सुटायची. चार भिंतींशेजारून पळणारी ही उघडी, काळी, बोटभर फट बघून त्याला रात्रीचं जेवण जाईना. त्याने शिडीवरून फटीकडे बोट दाखवलं आणि पुट्टीच्या पत्र्याने हवेत सारवल्यासारखं केलं, म्हणजे ही भरायची ना? शिट्टीने हात झटकला. म्हणजे नंतर सांगते, बाहेर.

आणि बाहेर गेल्यावर ते साखरेवरून भांडले.

शेवटची फळी बसली त्या दुपारी शिट्टी खुशीत होती. खुशीत असली की तिला कुणावर तरी राग काढावासा वाटे. ती अंगणात गेली, तर रंगारी दोन कप चहा घेऊन कठड्याशी उभा. त्याने एक कप तिच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं... जरा जास्तच वेळ लागलं. कपाला दोन कान असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मग वाटलं, नकोच.

"माझं पुढचं काम ठरलं," तो म्हणाला. "खाडीपलीकडच्या गावात. मोठं आहे. वर्ष तरी जाईल."

शिट्टीला पुढचं ऐकू आलं नाही. म्हणजे तो बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. पण तिच्या कानात तिचंच नाक वाजत होतं. वर्षभर. वर्षभर हा माणूस दुसऱ्याच कुणाच्या तरी फळ्यांवर ठिबकणार.

"जा की मग!" ती म्हणाली. "कुणी धरून ठेवलंय?"

"अगं, ऐक तरी—"

"काही ऐकायचं नाहीये मला! काम आलं की यायचं, रंग फासायचा, निघून जायचं. रंगारीच तो!"

"पूर्ण बोलू देशील का?"

"नाही!"

निदान कामाचं तरी बोलून घ्यावं म्हणून त्याने विचारलं, "बरं. स्कर्टिंग लावायच्या आधी ती कडेची फट भरू का?"

"भर!" शिट्टी ओरडली. "हवं ते भर! फट भर, भिंत भर, आणि उरलंच तर स्वतःचं तोंड भर!"

तिने चहाचा कप कठड्यावर आपटला आणि ती तशीच गेली. स्कर्टिंग त्यालाच लावायला सांगितली होती, त्यामुळे पुन्हा तिकडे पाऊल टाकायची गरज नव्हती. तिने ते टाकलं नाही. ती दुकानात बसून राहिली आणि तिने येणाऱ्या गिऱ्हाइकांना असे काही नमुने दाखवले, की दोघांनी घाबरून जमीन घालायचा विचारच सोडला.

इकडे रंगाऱ्याने फट भरली. आयुष्यात त्याने एवढी सुरेख पुट्टी भरली नव्हती. घट्ट मळलेली, दाबून बसवलेली, काठ काचेसारखे. तिला आवडेल, असं त्याला भरताना वाटत होतं. वर स्कर्टिंग ठोकली, हत्यारं धुतली आणि तो घरी जाऊन तोंड बंद करून बसला.

मग हवा बदलली. आभाळ गावावर ओलं घोंगडं टाकून बसलं. आगपेट्यांनी पेटणं सोडून दिलं. आणि एके सकाळी शिट्टीला मोठ्या बाईंचा फोन आला.

"जमीन वर आलीय," बाई म्हणाल्या.

"किती वर, बाई?"

"मी खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेय. इतके दिवस मला खिडकीतून आभाळ दिसायचं. आता शेजाऱ्यांचं अंगण दिसतंय."

शिट्टी धावत पोचली. खोलीच्या मधोमध एखादी म्हैस पांघरूण घेऊन झोपावी तशी जमीन उठली होती. त्या म्हशीच्या पाठीवर मोठ्या बाई ताठ बसल्या होत्या. रंगाऱ्यालाही त्यांनी बोलावलं होतं. तो दाराशी उभा होता, पांढराफटक. कुठला पांढरा ते त्यालाच माहीत.

शिट्टीने कुणाकडे बघितलं नाही. ती सरळ भिंतीशी गेली, पटाशी घालून स्कर्टिंग उचकटली आणि थांबली. जिथे तिची फट होती, तिथे गुळगुळीत, कडक, निर्दोष पुट्टी होती. जमिनीला सरकायला केसभर जागा नव्हती. ती बिचारी वर जाणार नाही तर कुठे जाणार?

"कुणी भरली?"

"मी," रंगारी म्हणाला.

"का?"

"तू म्हणालीस."

"मी? मी कधी..." आणि तिला आठवलं. कठडा. कप. फट भर, भिंत भर.

"मी रागात म्हणाले होते!"

"तू आणखी कशात म्हणतेस काही?" तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "मी विचारलं होतं ना? नीट विचारलं होतं! मला काय माहीत, तुझ्या कुठल्या 'भर'चा अर्थ भर असतो आणि कुठल्याचा नसतो?"

"एवढ्या छटा कळतात ना तुला!"

"त्या दिवशीची नाही कळली!"

"बाबांना फोन केलाय," मोठ्या बाई खुर्चीवरून म्हणाल्या. "निघालेत. जावईही येतायत बरोबर. तुमच्या जागी मी असते, तर भांडत बसले नसते."

रंगारी गुडघ्यावर बसला, पत्रा काढला आणि पुट्टी कोरायला लागला. शिट्टी पटाशी घेऊन समोरच्या टोकाला बसली. दोघांनी सगळ्या पट्ट्या उचकटल्या आणि ते चारही भिंतींच्या कडेने, एकमेकांकडे पाठ करून, कोरत गेले. पुट्टीचा भुगा केसांत, पापण्यांत. तो वाईट भरणारा असता तर बरं झालं असतं. इतकं घट्ट काम, की तिला एकीकडे त्याचे हात तोडावेसे वाटत होते आणि दुसरीकडे बघत राहावंसं. शेवटच्या कोपऱ्यात दोघांची हत्यारं एकमेकांवर आपटली. शेवटचा तुकडा निघाला. जमीन कर्रकन बोलली, आणि एखाद्याने इतका वेळ धरलेला श्वास सोडावा, तशी अगदी हळू खाली यायला लागली.

तेवढ्यात बाबा आले. काठी टेकत. मागून दाजी, काखेत एक टाइल. येताना सहज दुकानातून उचलली होती म्हणे.

"मी म्हटलं नव्हतं?" दाजी दारातूनच सुरू झाले. "बाबा, या हवेत—"

"थांबा हो," बाबा म्हणाले. त्यांनी काठीने उंचवटा ठोकून पाहिला, कडेचा भुगा पाहिला, चिमटीत घेतला. "फट कुणी भरली?"

"मी," रंगारी पुढे होऊन म्हणाला. "माझी चूक. तिला काहीच माहीत नव्हतं."

झालं. शिट्टीला आता काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. जमीन तिची बरोबर, दुकान तिचं, चूक रंगाऱ्याची. बाबांनी बाजारात एक शब्द टाकला असता, तर या गावात त्याला कुणी कुंपणही रंगवायला दिलं नसतं. पण तो तर तसाही चालला होता... गप्प राहणं इतकं सोपं होतं, की जन्मात एकदा तिला ते जमायला हरकत नव्हती.

तिचं नाक वाजायला लागलं. बाबा सवयीने एक पाऊल मागे सरले.

"खोटं बोलतोय!" शिट्टी म्हणाली. "मी सांगितलं त्याला. भर म्हणून."

"तू?" बाबा म्हणाले. "तू सांगितलंस, फट भर? अगं, चालायला लागायच्या आधी तुला फटी सोडता यायच्या!"

"तोंड भर असंसुद्धा सांगितलं."

"पण का?"

"कारण हा म्हणाला, जातो! वर्षभर जातो म्हणाला! त्यानंतर मला काही ऐकूच आलं नाही. फट ऐकू आली नाही, भिंत ऐकू आली नाही. मला नुसतं 'जातो' ऐकू आलं, आणि मी... आणि आता सगळे माझ्याकडे असे काय बघताय?"

सगळे बघत होते. दाजींच्या काखेतून टाइल घसरत होती. रंगाऱ्याच्या हातातला पत्रा हवेत होता. भिंतीवरचा काटा सरळ लालमध्ये गेला, पण या वेळी मोठ्या बाईंनी कुणाला बाहेर काढलं नाही.

"दुकान दाजींना द्या," शिट्टी बाबांना म्हणाली. "ठरलं होतं. उठली जमीन."

"उठली खरी," बाबा म्हणाले. त्यांनी पुन्हा काठी टेकवून पाहिली. "पण बसतेयही. बसली तर तुझं, असंही ठरलं होतं." ते बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. जमीन त्यांच्या डोळ्यांदेखत खाली येत होती आणि निवाडा काही सोपा करत नव्हती. "बाई, तुमच्या शाळेत अशा वेळी किती गुण द्यायचे?"

"उत्तर चुकलं, पण स्वतः खोडून बरोबर केलं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या खुर्चीसकट आता जवळपास मूळ जागी पोचल्या होत्या. "अर्धे गुण."

"मग अर्धं दुकान," बाबा म्हणाले.

दाजींनी टाइल सावरली. "पुढचं अर्धं का मागचं?"

"मागचं," बाबा म्हणाले. "आणि ती टाइल आधी खाली ठेवा. पायावर पडेल."

शिट्टी अंगणात गेली. ठरवून गेली नाही, पाय तिकडेच वळले. रंगारी मागून आला. पुट्टीच्या भुग्याने दोघंही म्हातारे दिसत होते.

"अर्धं दुकान गेलं तुझ्यामुळे," ती म्हणाली.

"माझ्यामुळे? मी सगळं माझ्यावर घेत होतो! तू मधे बोललीस."

"मग काय खोटं ऐकून घेऊ?"

"ऐकून घेण्याचं तू बोलूच नकोस," तो म्हणाला. रागाने त्याचे कान लाल झाले होते. शिट्टीने ते पहिल्यांदा पाहिले, आणि तिला ते आवडले. "त्या दिवशी मी अर्धंच बोललो होतो. उरलेलं अर्धं तेव्हापासून घेऊन फिरतोय. जेवताना गिळता येत नाही, झोपताना कुशीला टोचतं."

"मग बोल की!"

"मुलींचं वसतिगृह आहे ते. भिंती माझ्याकडे दिल्यात, जमिनीचं ठरायचंय. मी त्यांना म्हटलं, माझ्या ओळखीत एक आहे. फळ्यांशी फार प्रेमाने वागते, माणसांशी नाही. ती आली तर मी येतो. नाहीतर मला नको तुमचं काम." तो थांबला. वरच्या छपराच्या पत्र्यावरून एक थेंब त्याच्या नाकावर पडला, त्याने पुसला नाही. "मला तू आवडतेस. हे सांगायचं होतं. सगळ्या छटांमध्ये आवडतेस. ती झगझगीत आहे ना, तीसुद्धा."

आतून दाजींच्या मोजपट्टीचा सर्रकन आवाज आला. ते बहुधा बाईंची खोलीही टाइलसाठी मोजून घेत होते.

"मलाही तू आवडतोस," ती शेवटी म्हणाली, दात आवळून. "आणि त्याचा मला किती राग येतोय, तुला कल्पना नाही."

"आहे," तो म्हणाला.

"नाहीये! आणि हसू नकोस. आणि ते नाक पूस." मग तिने ते स्वतःच पुसलं, ओढणीच्या टोकाने, घासून, रंग काढतात तसं. हात मागे घ्यायचा राहून गेला. त्याने तो तिथेच धरून ठेवला. पावसाचाच आवाज वाढला होता, की तिच्या कानाजवळ दुसरंच काही तरी वाजत होतं, ते तिला ठरवता येईना.

"दुकानाचं माझं अर्धं बाबा सांभाळतील," ती जरा वेळाने म्हणाली. "गुडघे दुखतात, पण गल्ल्यावर बसायला गुडघे लागत नाहीत. पहिली बस कधी असते तिकडे?"

"उजाडताच."

"मग वेळेवर ये. तुझं काही खरं नाही. जरा जरी उशीर झाला ना, तर मी तुझ्यासाठी थांबणार नाही, सांगून ठेवते. सरळ निघून जाईन."

"कुठे?"

शिट्टीने थोडा विचार केला. विचार करताना ती फारच चिडलेली दिसत होती.

"तू जिथे येणार आहेस तिथेच!" ती ओरडली. "आणखी कुठे?"